डाउन पेमेंट साठत असताना घर पाहायला कधी निघावे?

पहिले घर घेऊ पाहणाऱ्या नोकरदार कुटुंबाला एक प्रश्न हमखास अडवतो. डाउन पेमेंटची रक्कम अजून साठते आहे, तर घरे पाहायला आताच सुरुवात करावी की पैसे पूर्ण जमल्यावर? लवकर निघावे तर एखादे घर मनात भरते, दलाल ‘दुसरी पार्टी तयार आहे’ असे सांगून घाई करतो आणि तयारी नसताना टोकन दिले जाते. थांबावे तर दर हाताबाहेर जातील अशी धास्ती वाटते. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, कारण ‘घर पाहणे’ या एकाच नावाखाली आपण दोन वेगळी कामे करत असतो. परिसर, दर आणि कागदपत्रे समजून घेण्याच्या पहिल्या कामाला पैसे लागत नाहीत, म्हणून ते दोन वर्षे आधी सुरू केले तरी चालते. एखादे विशिष्ट घर निवडून त्याची बोलणी करणे हे दुसरे काम मात्र बचत, कर्जाची पात्रता आणि भाडेकरार या तिन्हींचा मेळ बसत आल्यावरच हाती घ्यावे. ही वेळ कोणत्याही कुटुंबाला वहीपेन घेऊन बऱ्यापैकी अचूक काढता येते. ती कशी काढायची, ते पुण्यातील एका काल्पनिक कुटुंबाच्या उदाहरणाने पाहू.

नेमकी किती रक्कम साठवायची आहे?

समजा, नवरा-बायको दोघेही नोकरी करतात आणि दोघांचे मिळून महिन्याला १,३०,००० रुपये हातात येतात. घरभाडे २२,००० रुपये आहे, महिन्याला ४५,००० रुपये बाजूला पडतात आणि आजवर १२ लाख रुपये साठले आहेत. त्यांना ७० लाखांच्या आसपासचा, वापरात असलेला म्हणजे रिसेलचा फ्लॅट हवा आहे. असे कुटुंब सहसा ‘वीस टक्के म्हणजे १४ लाख हवेत, १२ तर आहेतच’ असा हिशेब करते आणि लगेच घरे पाहायला लागते. पुढची बहुतेक ओढाताण या अपुऱ्या हिशेबातूनच होते.

वीस टक्क्यांचा आकडा येतो तो रिझर्व्ह बँकेच्या नियमातून. गृहकर्ज ३० लाखांपर्यंतचे असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर ८० टक्के आणि ७५ लाखांच्या पुढे असेल तर ७५ टक्के कर्ज देता येते. ७० लाखांच्या घराला त्यामुळे जास्तीत जास्त ५६ लाखांचे कर्ज मिळू शकते आणि १४ लाख स्वतःचे घालावे लागतात. मात्र ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरला जात नाही (१० लाखांपर्यंतच्या घरांना तेवढी सवलत आहे). म्हणजे तो खर्च सगळा आपल्याच खिशातून जातो. पुणे महापालिका हद्दीत मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का असे मिळून ७ टक्के भरावे लागतात, म्हणजे आपल्या उदाहरणात ४ लाख ९० हजार. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर होत असेल तर १ टक्का सवलत मिळते आणि येथे ७०,००० रुपये वाचतात. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास मात्र ती मिळत नाही. मुंबईत हाच दर ६ टक्के आणि स्त्रियांसाठी ५ टक्के आहे. ३० लाखांवरील व्यवहाराला नोंदणी शुल्क ३०,००० रुपये पडते.

दलाली १ टक्का धरली तर ७०,००० रुपये, बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाचा मालकी हक्काचा शोध अहवाल आणि मूल्यांकन मिळून अंदाजे २५,००० आणि सोसायटीचे हस्तांतर शुल्क, जे महापालिका हद्दीत कमाल २५,००० रुपये आकारता येते. इथवर बेरीज २० लाख ४० हजारांवर जाते. रंगकाम, पंखे-दिवे, स्वयंपाकघराची डागडुजी आणि सामान हलवणे यांसाठी २ लाख धरले तर २२ लाख ४० हजार होतात.

त्यावर आणखी एक रक्कम लागते आणि नेमकी तीच वगळली जाते. घर घेतल्यावर खात्यात काहीच शिल्लक नसेल, तर नोकरीतील पहिली अडचण किंवा घरातील पहिले आजारपण थेट हप्त्यावर येते. ५६ लाखांच्या कर्जाला ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी महिना सुमारे ४८,६०० रुपये हप्ता बसतो. हप्ता धरून या कुटुंबाचा महिन्याचा किमान खर्च १ लाख असेल, तर निदान पाच महिन्यांचे ५ लाख रुपये व्यवहाराबाहेर ठेवायला हवेत, कितीही मोह झाला तरी. असे खरे उद्दिष्ट १४ लाखांचे नसून २७ लाख ४० हजारांचे ठरते. बचतीत १५ लाख ४० हजारांची तूट आहे आणि महिना ४५,००० रुपयांच्या गतीने ती भरायला सुमारे ३४ महिने लागतील.

थांबलो तर दर पुढे जाणार नाहीत का?

जातील, आणि हाच विचार लोकांना घाईला लावतो. पण या वाढीचा भार नेमका कशावर पडतो ते पाहिले की बरीच धास्ती कमी होते. दर वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले असे धरू. ७० लाखांचे घर वर्षभराने साडेत्र्याहत्तर लाखांचे होईल. या साडेतीन लाखांतील ८० टक्के वाटा कर्जात जाईल. बचतीवर उरलेले २० टक्के, मुद्रांक शुल्काचे ७ टक्के आणि दलालीचा १ टक्का असे २८ टक्के, म्हणजे ९८,००० रुपये पडतील. कुटुंबाची वर्षाची बचत ५ लाख ४० हजार आहे आणि साठलेल्या रकमेवर मुदत ठेवीचे व्याजही मिळते आहे. म्हणजे उद्दिष्ट पुढे सरकत असले तरी कुटुंब त्याहून कितीतरी अधिक वेगाने त्याच्याकडे जात आहे आणि तीन वर्षांचा अंदाज फारसा बिघडत नाही.

हे वाढीव ओझे खऱ्या अर्थाने पडते ते पगारावर. तीन वर्षांनी तेच घर सुमारे ८१ लाखांचे असेल, कर्ज ६४ लाख ८० हजारांचे घ्यावे लागेल आणि हप्ता ५६,२०० रुपयांच्या पुढे जाईल. हप्ता आजच्याइतकाच पेलण्याजोगा राहायचा असेल, तर दोघांचे मिळून उत्पन्न या तीन वर्षांत दरसाल ५ टक्के तरी वाढायला हवे. म्हणून ‘थांबावे का’ या प्रश्नावर विचार करताना बचतीपेक्षा आपल्या नोकरीकडे अधिक बारकाईने पाहावे. ज्यांची पगारवाढ नियमित आहे त्यांना थांबणे परवडते. ज्यांचे उत्पन्न वर्षानुवर्षे एका जागी आहे त्यांनी थांबण्यापेक्षा लहान घराचा किंवा थोड्या दूरच्या भागाचा विचार आताच करावा, कारण त्यांच्या बाबतीत दोन वर्षांनी बचत पुरेल पण पात्रता पुरणार नाही.

कर्जाच्या टप्प्यांमुळे आणखी एक पेच पडतो. ८० टक्क्यांच्या हिशेबाने ९३ लाख ७५ हजारांच्या घराला ७५ लाख कर्ज मिळते. त्यापुढे कर्जाचा आकडा ७५ लाखांच्या वर न्यायचा तर ७५ टक्क्यांचा नियम लागू होतो, आणि ७५ टक्क्यांनी ७५ लाख मिळण्यासाठी घर १ कोटीचे असावे लागते. याचा अर्थ, ९३ लाख ७५ हजार ते १ कोटी या पट्ट्यात किंमत वाढली तरी कर्ज एका रुपयाने वाढत नाही आणि स्वतःची रक्कम मात्र १८ लाख ७५ हजारांवरून २५ लाखांवर जाते. ३३ लाख ३३ हजार ते साडेसदतीस लाखांच्या घरांबाबतही असाच पट्टा आहे. तेथे कर्ज ३० लाखांवर थांबते. ज्यांचे अंदाजपत्रक या पट्ट्यांच्या काठावर आहे, त्यांना वर्षभर थांबणे खरोखर महाग पडू शकते.

व्याजदर उतरण्याची वाट पाहावी का, असेही अनेक जण विचारतात. मे २०२० मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्क्यांवर गेला आणि डिसेंबर २०२५ पर्यंत उतरून ५.२५ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असल्याने, आज कर्ज घेतले आणि उद्या दर उतरला तर त्याचा लाभ आपल्यालाही मिळतोच. आणि आज दर कमी आहे म्हणून घेतले तरी तो वीस वर्षे तसाच राहत नाही. दराची वेळ साधण्यात म्हणून फारसा अर्थ नाही. त्याऐवजी हप्ता २ टक्के जास्त दराने मोजून पाहावा. ५६ लाखांना १०.५ टक्क्यांनी तो सुमारे ५५,९०० रुपये होतो. आपल्या कुटुंबाचे भाडे आणि बचत मिळून महिना ६७,००० रुपये आताच बाजूला पडत आहेत, त्यामुळे देखभाल खर्च धरूनही हा हप्ता त्यांना पेलेल, असे निश्चिंतपणे म्हणता येते.

पैसे साठत असतानाचा काळ कसा वापरावा

ही दोन-तीन वर्षे वाया जातात असे मला मुळीच वाटत नाही. घाईत घर घेणाऱ्याला परिसर एकाच ऋतूत दिसतो. तुमच्याकडे सगळे ऋतू आहेत. वाकड, पुनावळे, मोशी, धानोरी, उंड्री असे जे दोन-तीन भाग मनात असतील तेथे एप्रिल-मे महिन्यांत जाऊन सोसायटीच्या फाटकाशी टँकर किती येतात ते पाहावे आणि सुरक्षारक्षकाला सहज विचारावे. जाहिरातीत न मिळणारी माहिती तेथे मिळते. जुलैमध्ये जाऊन तळघरातील पार्किंगमध्ये पाणी साचते का, बाहेरच्या भिंतींवर ओलीचे डाग आहेत का, ते पाहावे. नोकरी हिंजवडीत असेल तर एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला तेथून निघून त्या भागापर्यंत प्रत्यक्ष प्रवास करून पाहावा. नकाशावरचे आठ किलोमीटर आणि रोजचे आठ किलोमीटर यांत फार अंतर असते.

दर समजून घेण्यासाठी दलालाच्या तोंडी आकड्यांवर विसंबण्याचे कारण नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ नावाची विनाशुल्क सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक भरला की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘इंडेक्स टू’, उघडता येते. त्यात मोबदला, शासकीय बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख आणि भरलेले मुद्रांक शुल्क असे सगळे असते. सर्व्हे क्रमांक ठाऊक नसेल तर महारेरा या राज्यातील गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माहितीत तो बहुधा सापडतो.

समजा, एका सोसायटीतील फ्लॅटसाठी दलाल ‘९०० फूट, ७,८०० रुपयांनी’ असा भाव सांगतो. हे ७० लाख २० हजार झाले. पण ९०० फूट हे विक्रीयोग्य क्षेत्र असते, ज्यात जिना, लॉबी यांचा वाटा मिसळलेला असतो. त्याच इमारतीतील तशाच फ्लॅटच्या सूचीत क्षेत्रफळ ६१.३ चौरस मीटर आणि मोबदला ६४ लाख दिसतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे कार्पेट क्षेत्र ६६० फूट आणि कार्पेटचा प्रत्यक्ष दर सुमारे ९,७०० रुपये. दलालाचा भाव त्याच ६६० फुटांवर मोजला तर १०,६०० रुपयांच्या पुढे जातो. आता बोलणी कोठून सुरू करायची ते तुम्हाला कळले. काही व्यवहारांत रक्कम रोखीने दिली गेल्यामुळे नोंदलेला आकडा कमी असतो, म्हणून एकाच दस्तावर न जाता वर्षभरातील पाच-सहा दस्त पाहावेत. तुमच्याकडे कोणी असा रोखीचा भाग मागितला तर सरळ नकार द्यावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि बँक कर्ज देते ते करारात लिहिलेल्या रकमेवर, त्यामुळे रोखीचा प्रत्येक रुपया तुमच्या बचतीतूनच जाईल.

याच काळात कर्जाची पात्रता राखायची असते. बँक तुमच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत, साधारण निम्म्यापर्यंत, बसते का ते पाहते. १५,००० रुपये हप्त्याची मोटार घेतली तर ८.५ टक्के आणि २० वर्षांच्या हिशेबाने गृहकर्जाची पात्रता १७ लाखांहून अधिक घटते. घरापूर्वी वर्ष-दोन वर्षे मोठी खरेदी हप्त्यावर करू नये, ती याच कारणासाठी. डाउन पेमेंटची तूट वैयक्तिक कर्ज काढून भरण्याची युक्तीही अशीच अंगाशी येते. ५ लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर सुमारे ११,६०० रुपये हप्ता बसतो आणि गृहकर्जाची पात्रता १३ लाखांनी खाली येते, म्हणजे तूट भरण्याऐवजी रुंदावते. आईवडिलांनी मदत देऊ केली तर ती बँकेमार्फत आणि बक्षीस म्हणून लेखी घ्यावी. जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या अशा रकमेवर आयकर लागत नाही.

साठलेली रक्कम कोठे ठेवावी, याचे उत्तर खरेदी किती दूर आहे त्यावर ठरते. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या आसपास गेला होता आणि २३ मार्चला तो २६,००० च्या खाली बंद झाला. त्याच उन्हाळ्यात घर घ्यायचे ठरवून शेअर बाजारात पैसे ठेवणाऱ्याची योजना दोन महिन्यांत कोलमडली असणार. म्हणून शेवटच्या दोन-तीन वर्षांत ही रक्कम मुदत ठेव किंवा आवर्ती ठेवीत असावी, आणि ठेवी लहान-लहान करून त्यांच्या मुदती खरेदीच्या अपेक्षित महिन्यांच्या आसपास संपतील अशा लावाव्यात, म्हणजे त्या मोडून व्याज गमवावे लागत नाही. एका बँकेत एका ठेवीदाराची मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच रक्कम ठेव विम्याने सुरक्षित असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना स्वतःचेच पैसे काढता येईनात, आणि विसार, म्हणजे टोकन, देऊन बसलेल्या माणसावर असा प्रसंग आला तर व्यवहारच हातचा जाऊ शकतो. त्यामुळे रक्कम दोघांच्या नावे दोन-तीन बँकांत विभागलेली बरी. भविष्य निर्वाह निधीतूनही घरासाठी रक्कम काढता येते. तिच्या अटी वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी त्या ताज्या पाहून घ्याव्यात आणि तो पैसा निवृत्तीसाठीचा आहे हे लक्षात ठेवून शक्य तितका कमी काढावा.

प्रत्यक्ष शोध कधी सुरू करावा?

येथे कॅलेंडर उलटे मोजावे. विसार दिल्यापासून कर्जमंजुरी, वकिलाचा अहवाल, सोसायटीचा ना-हरकत दाखला, विक्रेत्याचे आधीचे कर्ज फेडून त्याची मूळ कागदपत्रे बँकेतून सोडवणे, नोंदणी आणि ताबा यांत रिसेलच्या व्यवहाराला दोन ते तीन महिने सहज जातात. पसंतीचे घर सापडायला, आधीचा अभ्यास झालेला असेल तर, आणखी तीन महिने धरावेत. म्हणजे प्रत्यक्ष शोध सुरू केल्यापासून पैसे पूर्ण लागेपर्यंत सुमारे सहा महिने असतात. आपल्या उदाहरणातील कुटुंब सहा महिन्यांत २ लाख ७० हजार साठवते. म्हणून त्यांच्या २७ लाख ४० हजारांच्या उद्दिष्टात इतकीच तूट उरेल, त्या महिन्यापासून त्यांनी दलालांना फोन करावेत, त्याआधी नाही. आपली महिन्याची बचत गुणिले सहा, हा हिशेब प्रत्येकाने स्वतःचा मांडावा.

त्याच सुमारास बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घ्यावी. ती बहुधा तीन ते सहा महिनेच टिकते, त्यामुळे वर्षभर आधी घेऊन उपयोग नसतो, आणि विक्रेत्यासमोर बसण्यापूर्वी घेतली नाही तर बोलण्याला वजन येत नाही. भाडेकरारही पाहावा. अकरा महिन्यांचा करार नेमका शोधाच्या काळात संपत असेल, तर नव्या करारात एक महिन्याच्या सूचनेवर जागा सोडता येईल असे कलम घालून घ्यावे आणि लॉक-इनचा, म्हणजे जागा सोडता न येण्याचा, काळ कमीत कमी ठेवावा. मुलांची शाळा बदलणार असेल तर ताबा एप्रिल-मेमध्ये यावा अशा बेताने शोध दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला बरा.

बांधकाम सुरू असलेल्या घराचे वेळापत्रक

‘ताबा तीन वर्षांनी आहे, तोवर पैसे साठतील’ असे म्हणून अनेक जण अपुऱ्या बचतीवर बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत नोंदणी करतात. यातला हिशेब बहुतेकदा उलटा असतो. रेरा कायद्यानुसार विक्री करार नोंदल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे संरक्षण चांगलेच आहे. पण महाराष्ट्रातील आदर्श करारानुसार करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५ टक्के आणि स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्के रक्कम मागता येते. बँक मात्र सहसा आधी तुमचा वाटा भरून घेते आणि मग कर्जाचे हप्ते सोडते.

७० लाखांच्या घरात याचा अर्थ असा की, स्वतःचे १४ लाख, त्यावरील ५ टक्के जीएसटीचे ७०,००० आणि करार नोंदताना मुद्रांक शुल्क व नोंदणीचे ५ लाख २० हजार, असे जवळजवळ २० लाख पहिल्या काही महिन्यांतच जातात. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर जीएसटी आहेच. तो पूर्ण ७० लाखांवर साडेतीन लाख होतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि पुण्यात ९० चौरस मीटर, मुंबई महानगरात ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घरांना हा दर १ टक्का आहे, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या तसेच रिसेलच्या घरांना तो लागतच नाही. शिवाय बँकेने २८ लाख सोडले असतील त्या महिन्यापासून नुसत्या व्याजाचे सुमारे १९,८०० रुपये आणि भाड्याचे २२,००० रुपये एकाच वेळी सुरू होतात, आणि बचतीची गती नेमकी येथेच मोडते. ‘आता दहा टक्के भरा, बाकी ताब्याच्या वेळी’ अशा योजनांत तोवरचे व्याज कोण भरणार आणि विकासकाने ते भरणे थांबवले तर बँक कोणाकडे मागणार, ते करारात शोधावे. कर्ज तुमच्या नावावर असेल तर उत्तर बहुधा तुम्हीच असता. म्हणून बचत अपुरी असताना असे घर घेणे हा मला सोपा मार्ग वाटत नाही.

पाडवा, दसरा आणि मार्चअखेर

सणांच्या सवलतींसाठी थांबावे किंवा धावावे असे त्यांत काही नसते. मोफत मोड्यूलर किचनपेक्षा किमतीत झालेली घट केव्हाही चांगली, आणि ती मागितली तर सणाबाहेरही मिळू शकते. पितृपक्षात खरेदीदार कमी असतात. ज्यांना त्याची अडचण वाटत नाही त्यांना त्या पंधरवड्यात विक्रेत्याशी निवांत बोलता येते.

मार्चअखेरीची घाई मात्र समजून घेण्यासारखी आहे. शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, १ एप्रिलला बदलू शकतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ते तसेच ठेवले होते आणि २०२५ मध्ये वाढले. पण मुद्रांक शुल्क कराराची रक्कम आणि हे बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते. तुमचा व्यवहार मुळातच रेडी रेकनरच्या वर होत असेल तर तो दर थोडा वाढला तरी तुमचे शुल्क तेवढेच राहते, आणि घाईचे कारणच उरत नाही. ‘मार्चपूर्वी घ्या, कर वाचेल’ हा आग्रहही तपासून घ्यावा, कारण नव्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही. मुद्रांक शुल्कातच कपात झाली, जशी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये ३ टक्क्यांची आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची झाली होती, तर गोष्ट वेगळी. तशी संधी येईल तेव्हा ज्यांचा अभ्यास झालेला असतो त्यांनाच ती घेता येते.

म्हाडाच्या सोडती तुमच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाहीत, म्हणून अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचे पुरावे आणि अनामत रक्कम आधीपासून तयार ठेवावी. घर लागल्यावर पैसे भरण्याची मुदतही ठरलेली असते. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांनी प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान पाहावे. ३५ लाखांपर्यंतचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्क्यांच्या हिशेबाने कमाल १ लाख ८० हजार रुपये मिळू शकतात. आपल्या उदाहरणातील कुटुंब या मर्यादेबाहेर आहे.

विसार देताना

शोध सुरू झाला, घर ठरले, की पहिला पैसा विसाराचा जातो आणि बचतीला सर्वांत मोठा धोका याच क्षणी असतो. रक्कम शक्य तितकी लहान ठेवावी, बँकेमार्फतच द्यावी आणि विसार पावती लेखी करून घ्यावी. बँकेने या घराच्या कागदपत्रांवर कर्ज नाकारले, मालकी हक्कात दोष निघाला किंवा सोसायटीने ना-हरकत दाखला दिला नाही, तर विसाराची संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल, हे वाक्य तीत असलेच पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला), आधीच्या सर्व करारांची साखळी, भाग प्रमाणपत्र (सोसायटीतील भागांचा दाखला) आणि विक्रेत्याच्या कर्जाची थकबाकी यांच्या प्रती विसारापूर्वी मागाव्यात. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. तो वेगळा खर्च नव्हे, पण आपल्या उदाहरणात ते ७०,००० रुपये असल्याने पैसे देण्याच्या तक्त्यात पावतीपासूनच दाखवावेत. विक्रेता या अटींना तयार नसेल तर ते घर सोडून द्यावे आणि पुढच्या घराची सूची क्रमांक २ उघडावी.